कांडी विझर्डची, हात चोराचा

दादर असो वा मुलुंड, कॅफेतलं टेबल असो वा कुणाच्या घरचा हॉल, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायचा खेळ एका जागी हमखास अडकतो. जादूगार, म्हणजे विझर्ड, मेलेला असतो, त्याची वाँड, म्हणजे जादूची कांडी, जमिनीवर पडलेली असते. फायटर ती उचलतो आणि विचारतो, “मी वापरू शकतो ना?” टेबलावरून तीन उत्तरं येतात. एक म्हणतो, नाही. दुसरा म्हणतो, आधी रोल कर, म्हणजे फासा टाक. तिसरा विचारतो, वाँड कुठली आहे ते तरी सांग. तीन तासांच्या सत्रातली वीस मिनिटं इथेच जातात.

गंमत अशी की तिघंही बरोबर असू शकतात. एकाने २०१४चं पुस्तक वाचलेलं असतं, दुसऱ्याने मोठ्या भावाकडून ३.५ आवृत्ती शिकलेली असते, तिसऱ्याकडे २०२४चं सुधारित पुस्तक असतं. या सुधारणेनंतर घोळ वाढलाच आहे. चोराच्या एका क्षमतेचं नाव तिन्हीकडे ‘यूज मॅजिक डिव्हाइस’ असंच आहे, पण आतला मजकूर तिन्हीकडे वेगळा. म्हणून ‘चालेल का?’ विचारण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: आपण कुठल्या पुस्तकावर खेळतोय, आणि वस्तूवर अडसर नेमका कुठल्या प्रकारचा आहे.

आधी लागणारे चार शब्द

क्लास म्हणजे तुमच्या कॅरेक्टरचा पेशा: फायटर, विझर्ड, क्लेरिक, रोग वगैरे. (रोग म्हणजे आजार नव्हे. या लेखात त्याला सरळ चोर म्हणू. थीफ ही त्याचीच एक शाखा.) स्पेल लिस्ट म्हणजे त्या पेशाला शिकता येणाऱ्या मंत्रांची यादी. डीसी म्हणजे गाठायचा आकडा: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात तुमचा बोनस मिळवा, बेरीज डीसीइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. अट्यूनमेंट हा पाचव्या आवृत्तीतला शब्द (२०१४ आणि २०२४ची पुस्तकं याच आवृत्तीची). वस्तूशी जुळवून घेण्यासाठी तिच्यासोबत एक शॉर्ट रेस्ट, म्हणजे खेळातला एक तास, घालवायचा. एका वेळी अशा तीनच वस्तू जुळवता येतात.

दरवाजे सगळे सारखे नसतात

हाउसिंग सोसायटीचं गेट डोळ्यांपुढे आणा. काही सोसायट्यांचं गेट सताड उघडं असतं. काही ठिकाणी परवलीचा शब्द चालतो, म्हणजे “जोशींकडे, तिसरा मजला” एवढं म्हटलं की पुरे. काही ठिकाणी रहिवासीच लागतो, आणि काही ठिकाणी त्या फ्लॅटची किल्ली. जादूच्या वस्तूंचं ३.५ आवृत्तीत थेट असंच वर्गीकरण आहे.

पोशन कुणीही प्यावं. अंगात घालायच्या बहुतेक अंगठ्या, झगे, बूट कुणीही वापरावेत. कमांड वर्डवर चालणारी वस्तू तो शब्द माहीत असलेल्या कुणाच्याही हातात चालते. वाँड आणि स्टाफ (जादूची लांब काठी) ‘स्पेल ट्रिगर’ गटात येतात. तिथे मंत्र टाकता यायलाच हवा असं नाही, तो मंत्र तुमच्या क्लासच्या यादीत असला की झालं. स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, ‘स्पेल कम्प्लीशन’ गटात येतो. तो अर्धवट टाकून ठेवलेला मंत्र असतो आणि उरलेला भाग वाचणाऱ्याने पुरा करायचा असतो, म्हणून त्याच्या अटी सगळ्यांत कडक.

यातली वाँडची अट लोक नेहमी चुकीची वाचतात. ३.५मध्ये पहिल्या लेव्हलचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) एकही मंत्र टाकू शकत नाही. तरी ‘क्युअर लाइट वुंड्स’ हा जखमा भरणारा मंत्र त्याच्या यादीत आहे, म्हणून त्या मंत्राची वाँड तो पहिल्या दिवसापासून वापरू शकतो, फासा न टाकता. रेंजरचंही तेच. पार्टीत जखमा भरणारा क्लेरिक नाही म्हणून रडणाऱ्या कितीतरी टेबलांवर रेंजर शांतपणे बसलेला असतो.

ही अट आली कुठून

१९७४च्या मूळ खेळात जादूच्या तलवारी फायटरच्या हक्काच्या होत्या आणि मंत्रांचे स्क्रोल जादूगाराच्या. कारण वास्तवाचं नव्हतं, वाटपाचं होतं. प्रत्येकाला खजिन्यातून ‘आपलं’ असं काहीतरी मिळावं, आणि वरच्या लेव्हलला जादूगार पुढे निघून जातो तेव्हा फायटरच्या हातातही काही असावं. १९७५च्या पुरवणीत चोर हा क्लास आला आणि या भिंतीला पहिलं भोक पडलं. ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्त्यांमध्ये दहाव्या लेव्हलला चोर स्क्रोल वाचू लागे, पण २५ टक्के वेळा मंत्र उलटण्याची भीती असे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक नियमाचं बीज इथे आहे: परवानगी आहे, पण ती जोखमीची.

३.५: वस्तूला थाप मारायचं कौशल्य

२०००मध्ये तिसरी आवृत्ती आली, २००३मध्ये तिची ३.५ ही सुधारणा. त्यात ‘यूज मॅजिक डिव्हाइस’ हे स्वतंत्र कौशल्य झालं. ते बुद्धीवर चालत नाही, करिझ्मावर, म्हणजे छाप पाडण्याच्या गुणावर चालतं. म्हणजे तुम्हाला वस्तू समजलेली नसते, तुम्ही तिला पटवलेलं असतं की मीच तो. वॉचमनपुढे आत्मविश्वासाने चालत जाणाऱ्याला कुणी अडवत नाही, तसं. आणि गेटवर जसं कुठल्या फ्लॅटला जायचंय ते सांगावंच लागतं, तसं इथेही नेमकी कुठली अट पुरी करण्याचं सोंग करतोय हे आधी ठरवावं लागतं. काय हवंय हेच माहीत नसेल तर सोंग जमत नाही.

आकडे असे. वाँड वापरण्यासाठी डीसी २०. स्क्रोलसाठी २० अधिक स्क्रोलची कास्टर लेव्हल (मंत्र टाकणारा जितक्या लेव्हलचा धरला आहे ती). दुसऱ्या क्लासचं सोंग २०, दुसऱ्या वंशाचं २५, दुसऱ्या अलाइनमेंटचं (नैतिक कलाचं) ३०. वस्तू काय आहे हे न कळता आंधळेपणाने चालू करायची तर २५. हे कौशल्य न शिकता वापरता येत नाही, त्यात सरासरी १० धरून सुटता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाची मदतही घेता येत नाही.

पाचव्या लेव्हलचा चोर घ्या. कौशल्यात पूर्ण ८ रँक्स (शिकण्याच्या पायऱ्या), करिझ्मा १४ म्हणून २, ‘मॅजिकल अॅप्टिट्यूड’ हे फीट (खास हातोटी) घेतलं म्हणून आणखी २. एकूण १२. वाँडसाठी फाशावर ८ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ६५ टक्के. वाईट नाही. पण फाशावर १ पडला आणि बेरीजही कमी भरली, तर तीच वस्तू २४ तास पुन्हा हाताळता येत नाही. वॉचमनने एकदा चेहरा ओळखला की त्या दिवशी त्या गेटने जायचं नाही.

हा नियम किरकोळ वाटतो, पण लढाईनंतर जखमा भरताना बोचतो. पहिल्या लेव्हलची ‘क्युअर लाइट वुंड्स’ वाँड ७५० सोन्याच्या नाण्यांना मिळते. तिच्यात ५० चार्ज, म्हणजे ५० वापर, असतात आणि एका चार्जला सरासरी साडेपाच पॉइंट भरून येतात. चोराने सलग दहा वेळा प्रयत्न केला, तर त्यात एकदा तरी १ पडण्याची शक्यता ४० टक्के. वाँड भरलेली आणि तुम्ही उद्यापर्यंत मोकळे. बंदी त्या एका वस्तूपुरती असते, म्हणून जाणते लोक दोन वाँड बाळगतात. दुसरी अर्धी वापरलेली असली तरी चालते. शिवाय ३.५मध्ये कौशल्याच्या रोलला १ पडला म्हणून आपोआप हार होत नाही. एकूण बोनस १९ झाला की १ पडूनही बेरीज २० भरते आणि वाँडपुरता हा धोका कायमचा जातो.

आंधळेपणाने वस्तू चालू करण्याचा हिशेब मात्र पुन्हा पुन्हा करून बघावा असा आहे. डीसी २५. आपल्या चोराला १३ किंवा जास्त लागतात, म्हणजे ४० टक्के यश. ४ ते १२ पडले तर काहीच होत नाही. पण आकडा १० किंवा त्याहून जास्त फरकाने हुकला, म्हणजे इथे फाशावर ३ किंवा कमी पडले, तर अपघात होतो. जादू भलत्यावरच जाते किंवा तुमच्याच हातात फुटून २डी६, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेइतकं, नुकसान करते. ही शक्यता १५ टक्के. हीच वस्तू आधी एकदा चालवलेली असेल तर २चा बोनस मिळतो.

क्लासचं सोंग करण्याचीही मर्यादा आहे. ‘होली अॅव्हेंजर’ ही तलवार इतरांच्या हातात साधी अधिक २ची असते, पॅलाडिनच्या हातात अधिक ५ची आणि पवित्र. चोर डीसी २० गाठून तिला फसवू शकतो, पण त्यामुळे तो पॅलाडिन होत नाही. त्याची स्वतःची कुठलीही पॅलाडिन क्षमता जागी होत नाही, फक्त तलवार फसते. जिथे क्लासची लेव्हल विचारली जाते, तिथे तुमच्या रोलमधून २० वजा करून जे उरेल ती तुमची खोटी लेव्हल. आणि अशी सतत चालणारी फसवणूक दर तासाला नव्या रोलने टिकवावी लागते. खेळताना हे जवळपास सगळेच विसरतात, खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे डीएमसुद्धा.

स्क्रोल: एक कागद, तीन अडथळे

वाँड जमली म्हणून स्क्रोल जमेल असं धरू नका. तिसऱ्या लेव्हलच्या ‘फायरबॉल’चा साधा स्क्रोल घ्या. कास्टर लेव्हल ५.

पहिला अडथळा, लिहिलंय काय ते कळणं. ‘रीड मॅजिक’ हा मंत्र नसेल तर याच कौशल्याने डीसी २५ अधिक मंत्राची लेव्हल गाठायची, म्हणजे २८. त्याला एक मिनिट शांत बसून लक्ष द्यावं लागतं. म्हणून हे काम मुक्कामाच्या ठिकाणी उरकायचं, गुहेच्या तोंडाशी नाही.

दुसरा अडथळा, प्रत्यक्ष वापर. २० अधिक ५, म्हणजे डीसी २५. इथे लोक कास्टर लेव्हलऐवजी मंत्राची लेव्हल मिळवतात आणि डीसी २३ धरतात. दोनचा फरक म्हणजे यशात दहा टक्क्यांचा फरक.

तिसरा अडथळा, लायकी. स्क्रोल वाचायला संबंधित गुण १० अधिक मंत्राची लेव्हल इतका हवा, विझर्डच्या फायरबॉलला इंटेलिजन्स १३. तो कमी असेल तर वेगळा रोल टाकायचा आणि आलेल्या बेरजेतून १५ वजा करायचे. १३ मिळवायला बेरीज २८ हवी. आपल्या चोराला फाशावर १६, म्हणजे २५ टक्के. वापराचा रोल ४० टक्के आणि हा २५ टक्के, दोन्ही मिळून १० टक्के. याउलट कॅरेक्टर बनवतानाच इंटेलिजन्स १३ ठेवला, तर हा तिसरा अडथळाच नाही आणि यश सरळ ४० टक्क्यांवर जातं. चोराने डोकं चालवावं ते इथे.

आणखी दोन बारकावे. ‘डिसायफर स्क्रिप्ट’ या कौशल्यात ५ रँक्स असतील तर स्क्रोलच्या रोलला २ मिळतात, आणि ते कौशल्य चोराला स्वस्तात मिळतं. दुसरं म्हणजे स्क्रोल वाचताना शेजारच्या शत्रूला तुमच्यावर फुकटचा वार मिळतो, वाँड वापरताना मिळत नाही. लढाईत वाँड, बाहेर स्क्रोल.

२०१४: गेटवर वॉचमनच नाही, नुसतं कुलूप

पाचव्या आवृत्तीने हे सगळं कौशल्यच काढून टाकलं. आता रोल टाकून कुणाला पटवायचं नाही. अट पुरी होते किंवा होत नाही.

स्क्रोलवरचा मंत्र तुमच्या क्लासच्या यादीत नसेल तर तो तुम्हाला वाचताच येत नाही. यादीत असेल पण तुमच्या झेपेपेक्षा वरच्या लेव्हलचा असेल, तर मंत्रांसाठी वापरता त्या गुणाचा चेक, डीसी १० अधिक मंत्राची लेव्हल. इंटेलिजन्स १८ असलेला पाचव्या लेव्हलचा विझर्ड पाचव्या लेव्हलचा स्क्रोल वाचतोय: बोनस ४, डीसी १५, यश ५० टक्के. हुकला तर स्क्रोल नाहीसा. हा साधा गुणाचा चेक असल्याने ‘गायडन्स’ या मंत्राने मिळणारा जास्तीचा डी४ (चार बाजूंचा फासा) इथे चालतो. तो मागायला लाजू नका.

वाँड आणि स्टाफचं आता अट्यूनमेंटवर अवलंबून असतं. वस्तूच्या नावाखालची तिरप्या अक्षरातली ओळ वाचा, सगळं तिथेच असतं. ‘वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स’ला अट्यूनमेंटच लागत नाही. सुरुवातीच्या प्रश्नातला फायटर ती बिनदिक्कत उचलून वापरू शकतो, सात चार्ज आहेत. ‘वाँड ऑफ फायरबॉल्स’ला स्पेलकास्टर लागतो. ‘स्टाफ ऑफ हीलिंग’ला बार्ड, क्लेरिक किंवा ड्रुइडच लागतो. तिन्ही पायऱ्या वेगळ्या आहेत आणि भांडणं बहुतेक मधल्या पायरीवर होतात.

कारण ‘स्पेलकास्टर’ची व्याख्या फार सैल आहे. स्वतःच्या एखाद्या वैशिष्ट्याने, वस्तूच्या आधाराशिवाय, एक जरी मंत्र टाकता आला तरी पुरे. हाय एल्फ या वंशाला जन्मतः एक कँट्रिप (सगळ्यांत साधा मंत्र) येते. म्हणजे हाय एल्फ फायटर ‘वाँड ऑफ फायरबॉल्स’ जुळवून घेऊ शकतो. ‘मॅजिक इनिशिएट’ फीट घेतलं तरी चालतं. वाँडचा सेव्ह डीसी (जादूतून निसटायला शत्रूने गाठायचा आकडा) १५ असा ठरलेला आहे, तेव्हा फायटरचा इंटेलिजन्स ८ असला तरी गोळा तेवढाच मोठा पडतो. हीच फीट स्क्रोलला मात्र उपयोगी नाही. तिथे तुमच्या क्लासची यादी बघतात आणि फीट घेऊन फायटर विझर्ड होत नाही.

अट्यूनमेंट नसेल तर वस्तूचे फक्त बिनजादूचे फायदे मिळतात. ‘होली अॅव्हेंजर’ फायटरच्या हातात एक चांगली तलवार, बस.

या आवृत्तीत कुलूप तोडणारे दोघंच. १३व्या लेव्हलचा थीफ क्लास, वंश आणि लेव्हलच्या सगळ्या अटी ओलांडून वस्तू वापरतो. आणि आर्टिफिसर, म्हणजे जादूच्या वस्तू बनवणारा क्लास, १४व्या लेव्हलला तेच करतो, वर पाच वस्तू जुळवतो. बहुतेक मोहिमा १३व्या लेव्हलपर्यंत पोचतच नाहीत, म्हणजे व्यवहारात ही दारं बंदच. २०१४च्या नियमांवर माझा मुख्य आक्षेप हाच: जुगार काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रतीक्षायादी ठेवली.

२०२४: नाव तेच, मजकूर नवा

सुधारित पुस्तकात थीफला ही क्षमता १३व्याच लेव्हलला मिळते, पण ‘सगळ्या अटी माफ’ हे वाक्य गेलं. त्याऐवजी तीन गोष्टी आल्या. तीनऐवजी चार वस्तू जुळवता येतात. चार्ज खर्च करताना डी६ टाकायचा, ६ आला तर चार्ज वाचतो. आणि कुठलाही स्पेल स्क्रोल वापरता येतो, इंटेलिजन्सच्या जोरावर. कँट्रिप आणि पहिल्या लेव्हलचे स्क्रोल बिनधोक. त्यावरच्यांना इंटेलिजन्स (आर्काना, म्हणजे जादूविद्येचं कौशल्य) चेक, डीसी १० अधिक मंत्राची लेव्हल. हुकलं तर स्क्रोलचा चुरा.

म्हणजे जुन्या पुस्तकातला थीफ ‘होली अॅव्हेंजर’ जुळवू शकत होता, नव्यातला नाही. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं असतील तर हे मोहिमेच्या आधी ठरवा, तलवार सापडल्यावर नाही.

पण नव्या थीफला कमी लेखू नका. ‘आर्काना’ हा शब्द इथे सोन्याचा आहे. हा नुसता गुणाचा चेक नाही, कौशल्याचा चेक आहे. आणि २०२४मध्ये चोराला सातव्या लेव्हललाच ‘रिलायबल टॅलेंट’ मिळतं: ज्या कौशल्यात तो प्रोफिशिएंट, म्हणजे तरबेज आहे, त्यात फाशावर ९ किंवा कमी आले तरी १० धरायचे. १३व्या लेव्हलला प्रोफिशिएन्सी ५. इंटेलिजन्स १२ असेल तर आणखी १. म्हणजे आर्कानात प्रोफिशिएंट असलेल्या थीफची बेरीज १६च्या खाली जातच नाही. सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही स्क्रोल, कुठल्याही क्लासचा, शंभर टक्के. सातव्याला ५० टक्के, आठव्याला ४५, नवव्याला ४०. आर्काना शिकलेलं नसेल तर बोनस फक्त १ आणि पाचव्या लेव्हलच्या स्क्रोललाच यश ३५ टक्क्यांवर घसरतं.

आणि आर्कानात ‘एक्स्पर्टीज’ (प्रोफिशिएन्सी दुप्पट) घेतली तर बोनस ११, किमान बेरीज २१. नवव्या लेव्हलच्या ‘विश’ला डीसी १९ लागतो. हुकण्याचा प्रश्नच नाही.

अडचण एवढीच की आर्काना चोराच्या क्लासच्या यादीत नाही. ती बाहेरून आणावी लागते. ‘सेज’ बॅकग्राउंडमधून (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातून) आर्काना मिळते आणि सोबत ‘मॅजिक इनिशिएट’ही, म्हणजे पहिल्या लेव्हलपासून तुम्ही स्पेलकास्टर, आणि ‘वाँड ऑफ फायरबॉल्स’ची अटही सुटली. किंमत अशी की सेज डेक्स्टेरिटी (चपळाई) वाढवत नाही, आणि चोराचं पोट डेक्स्टेरिटीवर चालतं. दुसरा रस्ता ‘स्किल्ड’ फीटचा. निर्णय पहिल्या लेव्हलला घ्यायचा आणि फळ १३व्याला खायचं, हे मात्र आहेच.

जाता जाता: जुन्या नियमांत थीफची ‘फास्ट हँड्स’ ही हातचलाखीची क्षमता जादूच्या वस्तूंना चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नव्यात ती चालते. वाँड बोनस अॅक्शनने, म्हणजे पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीने, वापरून उरलेल्या अॅक्शनमध्ये वार करता येतो. स्क्रोलला ते लागू होतं का यावर टेबलांचं एकमत नाही. डीएमला आधी विचारा.

पाथफाइंडरवाल्यांसाठी थोडक्यात

पाथफाइंडर हा ३.५वर बेतलेला वेगळा खेळ. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ३.५चंच कौशल्य बहुतांशी तसंच आहे. दुसऱ्या आवृत्तीत ‘ट्रिक मॅजिक आयटेम’ हे फीट आहे, पहिल्या लेव्हललाच मिळतं. मंत्राच्या परंपरेनुसार आर्काना, नेचर, ऑकल्टिझम किंवा रिलिजन यांपैकी योग्य कौशल्य लागतं. तीनपैकी एक अॅक्शन खर्च करून चेक द्यायचा. जमला तर तुमच्या त्या पाळीपुरती वस्तू तुमची. हुकला तर पुढच्या पाळीत पुन्हा. वाईट हुकला तर दुसऱ्या दिवशीच्या तयारीपर्यंत ती वस्तू विसरायची. मला ही मांडणी सगळ्यांत नेटकी वाटते: प्रवेश स्वस्त, पण वेळ मोजावा लागतो.

“मग क्लासला अर्थच काय उरला?”

हा आक्षेप विझर्ड खेळणारे घेतात आणि तो पोकळ नाही. पण हिशेब बघा. ३.५मधला चोर सर्व रँक्स आणि एक फीट ओतून पाचव्या लेव्हलला एक फायरबॉल ४० टक्के वेळा टाकतो, तोही विकत घेतलेल्या कागदावरून. विझर्ड तोच मंत्र रोज, फुकट, न हुकता टाकतो. सोंग करणारा मूळ मालकाची जागा घेत नाही. मालक बेशुद्ध पडल्यावर तो पार्टीला घरी आणतो. खरी अडचण वरच्या लेव्हलला येते, बोनस इतका फुगतो की जोखीमच उरत नाही. तिथे विझर्डची तक्रार रास्त आहे, आणि २०२४च्या थीफलाही ती लागू होते.

“कागदच तर आहे, वाचायला काय अडलंय?”

स्क्रोलवरचा मजकूर मराठी किंवा एल्व्हिशमध्ये नसतो, तो गूढ संकेतलिपीत असतो. पुस्तकात तसं स्पष्ट म्हटलंय. ‘कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस’ टाकून स्क्रोल वाचता येईल ही युक्तीही त्यामुळे बाद.

क्लास न बदलता, नियमात राहून

‘रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंग’ला अट्यूनमेंट लागतं, पण क्लासची अट नाही. पार्टीतल्या क्लेरिकने तिच्यात एकूण पाच लेव्हलपर्यंतचे मंत्र भरून ठेवावेत आणि फायटरने ती घालावी. मंत्राचा डीसी भरणाऱ्याचाच लागतो. आर्टिफिसर ११व्या लेव्हलला एखाद्या वस्तूत पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र साठवतो आणि ती वस्तू हातात धरणारा कुणीही वापरतो. हे दोन पर्याय इतके सरळ आहेत की घरगुती नियम बनवण्याआधी ते संपवावेत.

पुस्तकं महाग आहेत म्हणून नियम अंदाजाने खेळायचं कारण आता नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संक्षिप्त मजकूर, एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि सुधारित नियमांचा ५.२ हा मजकूर २०२५मध्ये. दोन्ही फुकट आणि कायदेशीर.

घरगुती नियम करायचाच असेल तर

पाचव्या आवृत्तीत जुना जुगार परत आणायचा तर आकडे असे ठेवावेत. यादीत नसलेला स्क्रोल: इंटेलिजन्स (आर्काना), डीसी १५ अधिक मंत्राची लेव्हल. थीफला १३व्या लेव्हलला १० अधिक मंत्राची लेव्हल लागते, म्हणून इतरांना पाचने कठीण. आर्काना शिकलेला, इंटेलिजन्स १० असलेला पाचव्या लेव्हलचा फायटर तिसऱ्या लेव्हलचा स्क्रोल ३० टक्के वेळा वाचेल, न शिकलेला १५ टक्के. हुकलं की स्क्रोल जातो. १० किंवा जास्तने हुकलं तर मंत्र भलत्यावर जातो किंवा वाचणाऱ्याला २डी६. ‘गायडन्स’ आणि इतरांची मदत इथे बंद ठेवा, नाहीतर तीन जण मिळून एका फाशाला फुगवतात आणि जोखीम संपते.

क्लासची अट असलेल्या वस्तूंना: अट्यूनमेंट होईल, पण वस्तू तीनपैकी दोन जागा खाईल, आणि रोज पहिल्या वापराला डीसी २०चा करिझ्मा चेक. फाशावर १ आला तर दुसऱ्या पहाटेपर्यंत वस्तू गप्प. परिणाम डीएमने रोलच्या आधी सांगावेत, फासा पडल्यावर नाही.

‘स्टाफ ऑफ द मेजाय’ला मात्र ही सवलत देऊ नका. त्यात ५० चार्ज मावतात, आणि तो मुद्दाम मोडला तर मोडणारा ५० टक्के शक्यतेने दुसऱ्या जगात फेकला जाऊन वाचतो, नाहीतर शिल्लक चार्जच्या १६ पट नुकसान त्याच्यावर. पूर्ण भरलेला असेल तर ८००.